काकांसाठी मलिदा

आमच्या वेस्ट विंडसरच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, दर वर्षी वसंतात एका संध्याकाळी, युरोपात मारल्या गेलेल्या ज्यूंसाठी मेणबत्त्या लावतात. एकेक कुटुंब पुढे जातं, आपापल्या माणसांची नावं घेतं, मेणबत्ती लावतं आणि जागेवर येऊन बसतं. मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसते. पुढे जायची मला लाज वाटते, कारण आमच्या घरातलं कुणीच मारलं गेलेलं नाही.

आम्ही कोकणातले ज्यू, बेने इस्राएल. वाडवडील अलिबागच्या बाजूला तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं नाव ठेवलं शनिवार तेली. शेजाऱ्यांनी आम्हाला इतक्या पिढ्यांत काय त्रास दिला, तर हे एक नाव. त्याचाही आम्हाला आता अभिमान वाटतो. युरोपात माणसं गाड्यांत कोंबली जात होती तेव्हा माझे आजोबा पनवेलच्या शाळेत भूगोल शिकवत होते आणि घरी जाताना पापलेट घेऊन जात होते.

इथल्या लोकांच्या डोक्यात हे बसत नाही. 'ज्यू' म्हटलं की समोरच्याचा आवाज खाली येतो. ऑफिसात एकीनं एकदा माझा हात हातात घेतला, "युवर पीपल..." एवढंच म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला सांगायला हवं होतं की बाई, माझे पीपल पापलेट खात होते. मी मान खाली घालून उभी राहिले. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

काका आमच्याच रस्त्यावर, चार घरं पलीकडे राहतात. पोलंडात जन्मलेले, आता नव्वदी ओलांडलेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा कॅलिफोर्नियात. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा माझ्या मुलीनं सवयीनं त्यांना 'काका' म्हटलं. त्यांनी अर्थ विचारून घेतला आणि म्हणाले, "छोटं आहे, चांगलं आहे, तेच म्हणा." दर शनिवारी मी त्यांना गाडीतून सिनेगॉगला नेते. शब्बाथला, शनिवारच्या सक्तीच्या विश्रांतीच्या दिवशी, गाडी चालवण्याबद्दल आमचे धर्मगुरू रब्बाय काही बोलत नाहीत, सासूबाई फोनवरून बोलतात. पण खरं सांगायचं तर काकांबरोबर गेलं की माझी किंमत वाढायची. लोक त्यांना वाट करून द्यायचे, आणि त्यांच्या मागोमाग मलाही. एरवी तिथे मला "पण तुम्ही नक्की ज्यू कशा?" हे कितीदा विचारलं गेलंय म्हणून सांगू!

वसंतात शाळा काकांना युद्धातल्या आठवणी सांगायला बोलवायच्या. मी रजा टाकून त्यांना न्यायचे. त्यांचं भाषण मला पाठ होतं. शहरातून सगळ्या ज्यूंना उचलायला लागले तेव्हा आईनं त्यांना खेड्यातल्या एका शेतकरीणबाईकडे नेऊन सोडलं. आई स्वतः पुढे पकडली गेली. बाईनं गावात सांगितलं, हा माझ्या मेलेल्या बहिणीचा मुलगा. नवं नाव, गळ्यात क्रूस, रविवारी चर्च. पहिल्या आठवड्यात त्या बाईनं एक नियम घालून दिला: जुन्या नावानं कुणीही, कितीही लाडानं हाक मारली तरी वळून बघायचं नाही. ती स्वतः मागून येऊन जुन्या नावानं हाक मारायची. ते वळले की थोबाडीत बसायची. मग एक दिवस ते वळायचं थांबले. पुढे बटाटे, बर्फ, कडब्याखाली काढलेली एक दुपार, जर्मन शिपायाची कुत्री. आणि शेवट ठरलेला: "युद्ध संपलं. उन्हाळ्यात माझी आई आली आणि मला घरी घेऊन गेली."

पोरं उभी राहून टाळ्या वाजवायची. शिक्षिका डोळे पुसायच्या. आणि काका तोवर काठी घेऊन निघालेले असायचे. माझ्या आधी गाडीपाशी जाऊन उभे.

त्यांच्या जगण्याचा कुणाला आनंद झालेला त्यांना खपतच नसे. वाढदिवस करू द्यायचे नाहीत. गेल्या हिवाळ्यात छातीत दुखून हॉस्पिटलात होते तेव्हा रब्बाय प्रार्थना करायला आले. आमच्या धर्मात आजारी माणसासाठी मागताना त्याचं नाव आईच्या नावासकट घ्यावं लागतं, अमुक, अमकीचा मुलगा. एरवी सगळीकडे बापाचं नाव चालतं, इथे आईच लागते. रब्बायनी आईचं नाव विचारलं आणि काकांनी डोळे मिटून घेतले. "माझ्यासाठी काही मागू नका," म्हणाले. बाहेर आल्यावर रब्बाय मला म्हणाले, एवढं सोसलेली माणसं देवावर रागावलेली असतात, तो त्यांचा हक्क आहे. मला ते पटलं. इतकं पटलं की पुढे दोघाचौघांना मी ते स्वतःचं मत म्हणून ऐकवलं.

मग हृदयाची झडप बदलायचं ठरलं. या वयात डॉक्टरही जरा जपूनच बोलत होते. (ऑपरेशन नीट पार पडलं, हे आधीच सांगून टाकते. उगाच कुणाचा जीव टांगणीला नको.)

त्याच सुमाराला सासूबाई ठाण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. इंग्रजी त्यांना दुकानापुरतं येतं. ऑपरेशनच्या आधी काकांचं एक शेवटचं भाषण होतं, माझ्याच मुलीच्या शाळेत, आणि त्या हट्टानं बरोबर आल्या. मी शेजारी बसून कानात मराठीत सांगत होते. थोबाडीत मारण्याच्या ठिकाणी त्या मोठ्यानं "अगं बाई!" म्हणाल्या आणि पुढच्या दोन रांगा मागे वळून बघायला लागल्या. शेवटी आई येऊन घरी घेऊन गेली म्हटल्यावर त्यांनी पदर डोळ्याला लावला तो गाडीत बसेपर्यंत काढला नाही.

गाडीत काका पुढे माझ्याशेजारी होते. मागून सासूबाईंनी विचारलं, "यांचा मलिदा कुणी केला?"

मराठीत मलिदा म्हटलं की लोकांना साहेबांनी खाल्लेली वरकमाई आठवते. आमचा मलिदा वेगळा. भिजवलेल्या पोह्यांत साखर, खोबरं, वेलची घालायची, भोवती फळं मांडायची, मधे गुलाब ठेवायचा आणि प्रेषित एलियाहूच्या नावानं आभार मानायचे. दुखण्यातून उठलं, बोटीतून सुखरूप उतरलं, घर घेतलं, लग्न ठरलं, नवस फिटला, की मलिदा. आमच्या पूर्वजांचं जहाज नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं आणि मोजकीच माणसं जिवंत राहिली, असं आम्हाला लहानपणापासून सांगतात. त्यामुळे असेल, वाचलं की ताट मांडायचं, हे आमच्या हाडीमाशी आहे. वाचलेल्या माणसाला त्याची लाज वाटत असेल, असा विचार आमच्यातल्या कुणी केल्याचं मला आठवत नाही.

"अहो आई, पोलंडात कुठला मलिदा?"

"म्हणजे नाहीच केला." त्या पुढे सरकून बसल्या. "आई जगली म्हणतेस, मूल जगलं म्हणतेस, दोघांची गाठ पडली म्हणतेस. मग यांच्या आईनं नवस बोलला नसेल का? बोललाच असणार. तुझ्या नवऱ्याला साधा गोवर झाला तर मी बोलले होते. तिचा तसाच राहून गेला. आता छाती फाडून घ्यायच्या आधी तो फेडायला नको?"

काकांनी विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, तुम्हाला जेवायला बोलावतायत, आमच्या पद्धतीची एक छोटीशी प्रार्थना आहे आणि एक गोड पदार्थ. "गोड असेल तर येतो," काका म्हणाले.

खरं काय ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते आले नसते, हे मला ठाऊक होतं. आणि ते यावेत अशी मला फार हौस होती. इतकी वर्षं मी या लोकांच्या दुःखाच्या दाराशी चप्पल काढून उभी होते. आता कुठे आमच्याकडचं काहीतरी त्यांच्यासमोर ठेवता येणार होतं. रब्बायना मागून कसं सांगायचं, कुठले शब्द वापरायचे, ते पोहे आणायला जातानाच माझ्या मनात तयार झालं होतं. आता आठवलं की कान गरम होतात.

रविवारी दुपारी ताट मांडलं. पोहे एडिसनच्या भारतीय दुकानातून आणलेले, खोबरं फ्रीझरमधलं. त्याला ओलं खोबरं म्हणायला सासूबाई तयार नव्हत्या. सुपरमार्केटच्या गुलाबाला वास नव्हता. वासासाठी सब्जाची पानं लागतात, ती मिळेनात, म्हणून पलीकडच्या मराठी काकूंच्या कुंडीतली तुळस आणली. "एलियाहू समजून घेईल," सासूबाई म्हणाल्या, "आणि काकूंचा देव पण."

काका टाय लावून आले. आम्ही घरातले चौघं आणि ते, एवढेच. नवऱ्यानं डोक्यावर टोपी घातली आणि त्याच्या वडिलांनी शिकवलेल्या चालीवर प्रार्थना सुरू केली. हिब्रू तीच, चाल मात्र आमच्या भजनाची. काकांना गंमत वाटली असावी. बोटांनी टेबलावर हलकासा ठेका धरला त्यांनी. मला वाटलं, जमलं.

मग ज्याच्यासाठी मलिदा आहे त्यानं ताटाला हात लावायचा असतो. सासूबाईंनी ताट उचलून काकांपुढे धरलं, त्यांनी पाहुण्यासारखं हसून दोन्ही हात लावले, आणि नवऱ्यानं विचारलं, "काका, तुमचं हिब्रू नाव? आणि कुणाचा मुलगा? आईचं नाव लागेल."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "हे कुणासाठी आहे?"

आता सांगणं भाग होतं. मी सांगितलं. तुम्ही वाचलात त्याचे आभार म्हणून. तुमच्या आईनं नवस बोलला असेल, तो राहून गेला असेल, असं सासूबाई म्हणतात.

त्यांनी ताटावरचे हात काढून घेतले. सासूबाईंना ताट एकटीनं पेलावं लागलं.

"माझ्या आईनं काय मागितलं, ते यांना कुणी सांगितलं?" ते म्हणाले. मग खुर्चीत बसले, काठी दोन्ही हातांत धरली आणि टेबलाकडे बघत बोलायला लागले.

"ती आली तेव्हा मी अंगणात होतो. बदकांना घालत होतो. शेजारची दोन मुलं कुंपणावर बसलेली होती. मागून तिनं हाक मारली. माझ्या जुन्या नावानंही नाही, घरातल्या नावानं, जे फक्त ती म्हणायची. मी वळलो नाही. तिनं परत मारली. मग शेतकरीणबाई बाहेर आली, आईचं आणि तिचं बोलणं झालं, आणि शेतकरीणबाईनं मला हाताला धरून फिरवलं. म्हणाली, नीट बघ, ही तुझी आई का?"

नवऱ्यानं टोपी उगाच सारखी केली.

"मी म्हटलं, नाही."

मग मीच बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, काका, पण तो नियमच होता ना! तुम्हाला तसं मारून शिकवलं होतं. तुम्ही लहान होता.

"हो, शाळेतली मुलंही हेच म्हणतील," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "म्हणूनच मी त्यांना सांगत नाही. ती लगेच मला माफ करतील. अगं, युद्ध संपलं होतं. चर्चमध्ये घंटा वाजवून झाल्या होत्या. नियम उठला हे मला समजत होतं. हाक ऐकल्याबरोबर मी तिला ओळखलं होतं. पण तिच्या डोक्यावर बोटभर केस होते, पुढचे दात नव्हते, पायांत पुरुषी बूट होते, आणि तिच्या अंगाला वास येत होता. आणि ती दोन मुलं बघत होती. मला लाज वाटली. बाकी काही नाही."

माझी मुलगी सोफ्यावरून उठून स्वयंपाकघरात गेली. तिला भाषांतर लागत नव्हतं.

"ती भांडली नाही," काका पुढे म्हणाले. "तिनं बाईला विचारलं, शेतात काही काम आहे का. पुढे सगळा हंगाम ती तिथे बटाटे काढत राहिली. मी टेबलावर जेवायचो, ती गोठ्यात. मी तिच्याशी बोललो नाही. मुलं विचारायची ही कोण, तर म्हणायचो, कामाला ठेवलीय. पहिलं बर्फ पडलं तेव्हा शेतकरीणबाईनं माझ्या अंगात कोट घातला आणि मला दाराबाहेर काढलं. म्हणाली, तुम्हा दोघांचे कान सारखे आहेत, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. जा तिच्याबरोबर. अशी माझी आई मला घरी घेऊन गेली."

"मग इथे आलात," नवरा हळूच म्हणाला.

"मग इथे आलो. ती म्हातारी होऊन गेली. त्या अंगणाचा शब्द तिनं कधी काढला नाही. फक्त एक सवय होती. कुणीही भेटलं, दुकानदार, बसचा ड्रायव्हर, दाराशी आलेला पोस्टमन, की पहिलं वाक्य, हा माझा मुलगा. माझे केस पांढरे झाले तरी. लोकांना कौतुक वाटायचं. मला दर वेळी वाटायचं, आता ती थांबेल आणि माझ्याकडे बघेल, मी काय म्हणतो ते ऐकायला." त्यांनी ताटाकडे मान वळवली. "यांना सांगा, आईनं मागितलं ते तिला मिळालं होतं. आणि ते 'नाही' म्हणालं."

एवढा वेळ सासूबाई ताट धरून उभ्या होत्या. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. फक्त चेहरे दिसत होते. "काय गं? काय म्हणाले? आईचं नाव विसरले का?"

मी म्हटलं, "त्यांना आईची आठवण आली, म्हणून."

त्यांनी मान हलवली, डोळे भरले, आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाल्या. काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"मी इतका वेळ बोललो," ते मला म्हणाले, "आणि तू एक वाक्य सांगितलंस."

"काका, त्यांना उगाच त्रास होईल."

"झाला तर होऊ दे. सगळं सांग. या कुणाच्या तरी आई आहेत. मी हे आजवर कुठल्या आईला सांगितलेलं नाही, माझ्या बायकोलाही नाही. मला बघायचंय त्या काय करतात." माणूस पुढच्या आठवड्यात ऑपरेशनच्या टेबलावर जाणार होता आणि माझ्या बैठकीत निकाल ऐकायला बसला होता. त्याला तिथे मी आणून बसवलं होतं, गोड पदार्थाचं आमिष दाखवून.

मी सांगितलं. सुरुवातीला वाक्यं गाळायचा प्रयत्न केला, पण काका माझ्या तोंडाकडे इतकं लक्ष देऊन बघत होते की ते जमेना. बदकं सांगितली, कुंपणावरची मुलं सांगितली. वास सांगताना माझी जीभ अडखळली. सासूबाईंनी ताट टेबलावर ठेवलं. "दात नव्हते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नव्हते. त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. त्यांचीही कवळी आहे, आणि आल्यापासून माझ्या मैत्रिणींसमोर ती काढून पेल्यात ठेवू नका म्हणून मी त्यांना दोनदा बजावलं होतं. पुढचं सगळं मी जमिनीकडे बघत सांगितलं.

संपल्यावर मला वाटलं, आता काहीतरी समजुतीचं बोलतील. लहान होतास बाबा, देव बघतो, असं काहीतरी. त्या संतापल्या होत्या. गळ्याच्या शिरा दिसत होत्या.

"त्यांना विचार," त्या म्हणाल्या, "ती गोठ्यात होती तेव्हा यांनी तिला काही नेऊन दिलं का. एकदा तरी. पाणी, बटाटा, काहीही."

"आई, जाऊ द्या ना."

"विचार म्हणते ना!"

मी विचारलं. काका बहुतेक खरंच आठवून बघत होते, आयुष्यभर आठवून झालेलं असूनही. मग म्हणाले, "नाही. काहीच नाही."

याचं भाषांतर करावं लागलं नाही. काकांची मान हललेली सासूबाईंनाही दिसली.

"मग आता द्या म्हणावं," सासूबाई म्हणाल्या.

मी जसंच्या तसं सांगितलं. काकांना समजलं नाही. मलाही समजलं नव्हतं. सासूबाईंनी ताट त्यांच्याकडे सरकवलं आणि बोट दाखवलं. पोहे. काका काठी टेबलाला टेकवून उठले, वाकले, आणि त्यांनी मूठभर पोहे घेतले. थोडे टायवर सांडले. मूठ तशीच पुढे धरून ते उभे राहिले. कुणाला द्यायचे ते त्यांना कळेना. खोलीभर नजर फिरली, माझ्यावर, नवऱ्यावर, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या माझ्या मुलीवर. हात खाली यायला लागला.

सासूबाईंनी पदरानं नाक पुसलं, त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि ओंजळ पुढे केली.

त्यांनी मूठ उघडली. सासूबाईंनी पोहे तिथेच उभ्या उभ्या खाल्ले, सगळे, बोटांना चिकटलेलं खोबरंसुद्धा. त्यांचा राग गेलेला नव्हता, चावताना तो दिसत होता. खाऊन झाल्यावर त्यांनी रिकामे हात काकांना दाखवले.

काका नवऱ्याकडे वळले आणि त्यांनी आपलं नाव सांगितलं. मग कुणाचा मुलगा, ते सांगितलं.